एकाच बाजूला कपलिंग असलेला डबा

मळवलीला मी चार बंगल्यांची व्यवस्था बघते. मालक मुंबईला नाहीतर पुण्याला, पाहुणे शनिवार-रविवारी, आणि मधल्या दिवसांत चाव्या, चादरी, गिझर, पाण्याची टाकी, माळी हे सगळं माझ्याकडे. सकाळी चहा उकळेपर्यंत मी दिवसाच्या कामांची यादी करते आणि संध्याकाळी ती फाडून टाकते. त्या दिवशीच्या यादीतलं सगळ्यात हलकं काम म्हणजे तिसऱ्या बंगल्याच्या दाराला मॅजिक आय बसवायचं. दाराला भोक पाडायचं, पितळी नळी फिरवून घट्ट करायची, आतून डोळा लावून बघायचं. एवढ्यासाठी सुताराला कशाला बोलवायचं म्हणून मी ह्यांना घेऊन गेले. हे म्हणजे माझे पती. रेल्वेत लोको पायलट आहेत. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा द्यायला जे इंजिन लावतात, ज्याला सगळे बँकर म्हणतात, ते चालवतात. त्या आठवड्यात रजेवर होते.

नळी बसली. मी बाहेर जाऊन पायरीवर उभी राहिले.

"काच खराब दिलीय," आतून आवाज आला. "बदलून आण."

काय झालं विचारलं, तर म्हणाले, सगळं धुरकट आहे, दुधाच्या पिशवीतून बघितल्यासारखं. मी आत जाऊन डोळा लावला. फाटक, आंब्याचं झाड, फाटकाला अडकवलेली माझी कापडी पिशवी, सगळं आरशासारखं लख्ख. मी म्हटलं, डावा डोळा लावून बघा. त्यांनी डावा लावला. मग उजवा. मग पुन्हा डावा. मग दारापासून मागे सरले आणि हातातला स्क्रू ड्रायव्हर खिडकीत ठेवला.

"काच बरोबर आहे," ते म्हणाले.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल. ह्यांची रजा भातकापणीची होती. वडिवळ्याला धरणाच्या खालच्या अंगाला सासूबाईंची थोडी खाचरं आहेत, आणि कापणी-झोडणीला घरातलं प्रत्येक माणूस लागतं. आधी ह्यांना दोन दिवस कणकण होती, तरी गेले. झोडणीच्या वेळी उजव्या डोळ्यात काहीतरी खुपायला लागलं. भाताचं कुसळ गेलं असं सगळ्यांनीच धरलं, कारण त्या दिवसांत तिथे कुणाचा डोळा लाल झाला तर दुसरं कारण कुणी शोधत नाही. पाण्याने धुतला, पदराच्या टोकाने पुसला. लाली वाढली, पाणी गळायला लागलं, उजेडाकडे बघवेना.

आणि ह्यांना लाल डोळा परवडणारा नव्हता. ड्युटीवर हजर होताना यंत्राच्या नळीत फुंकर मारावी लागते, दारू घेतलेली नाही याची खात्री म्हणून. फुंकर स्वच्छ निघाली तरी डोळे लाल असले की बरोबरचे सोडत नाहीत. काय भाऊ, वहिनींनी रात्री गॅलरीत झोपवलं काय, इथपासून सुरुवात. ते हसण्यावारी नेता येतं. पण पुढच्या महिन्यात ह्यांची ठरावीक मुदतीची वैद्यकीय तपासणी होती, आणि इंजिन चालवणाऱ्याच्या नजरेची परीक्षा सगळ्यात कडक. त्यात बसले नाहीत तर इंजिनावरून उतरवतात आणि कुठल्यातरी टेबलाशी बसवतात. नोकरी राहते. पण ह्यांना टेबलाशी बसवणं म्हणजे काय, हे मला घरातल्या सुट्टीच्या दिवसांवरून माहीत आहे.

तेव्हा घरी परत आल्यावर सासूबाईंनी आमच्या फ्रिजच्या दारातली बाटली काढली. पावसाळ्याच्या आधी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी वाचन असतं, ते त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, स्वतः वाचायचं होतं, म्हणून त्यांनी घाईने करून घेतलं. ऑपरेशननंतर जे थेंब दिले होते त्यातले अर्धे उरले. त्या थेंबांनी त्यांचा डोळा दोन दिवसांत पांढरा झाला होता, त्यामुळे बाटलीला आमच्या इमारतीत नाव झालं. वरच्या मजल्यावरच्या एक बाई एकदा, साखरेसाठी वाटी घेऊन यावं तशा, थेंब मागायला आल्या होत्या. मी ती बाटली टाकून द्यायची असं यादीत लिहायची, आणि सासूबाई ती भाजीच्या कप्प्यात हलवायच्या.

ह्यांचा डोळाही पांढरा झाला. दुसऱ्या दिवशी लाली कमी, तिसऱ्या दिवशी दुखणंही कमी. सासूबाईंनी डोळ्याखालची कातडी ओढून तपासलं आणि म्हणाल्या, "बघ, कसा शंखासारका झाला." सगळे खूश होते. डोळा बाहेरून बघायला कुणालाही छान दिसत होता. आतून बाहेर काय दिसतंय हे त्या मॅजिक आयपर्यंत कुणीच विचारलं नव्हतं.

त्याच दुपारी आम्ही तळेगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. निघताना मी फ्रिजमधली बाटली रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. डॉक्टर एक तिशी-पस्तिशीच्या बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी कापसाचा बारीक धागा वळला आणि त्याचं टोक ह्यांच्या डाव्या बुबुळाला लावलं. पापणी ताबडतोब मिटली. मग उजव्या बुबुळाला लावलं. पापणी हललीच नाही. ह्यांना वाटलं, अजून लावायचाय.

मी खुर्चीत पुढे सरकले. दुखत नाही ही चांगली गोष्ट असते असं मी आयुष्यभर धरून चालले होते.

मग त्यांनी केशरी रंगाच्या कागदाची पट्टी डोळ्याच्या कडेला टेकवली, निळा दिवा लावला आणि पडदा आमच्याकडे वळवला. पडद्यावर ह्यांचं बुबुळ ताटाएवढं मोठं दिसत होतं आणि त्यावर हिरवीगार चमकणारी एक फांदी होती. खरंच फांदी. एक मुख्य काडी, तिला दोन्हीकडे बारक्या काड्या, आणि प्रत्येक काडीच्या टोकाला कळीसारखी गाठ. कुणी सुईने कोरून काढावी इतकी रेखीव. मला ती सुंदर वाटली, हे मी तिथे बोलले नाही.

डॉक्टर म्हणाल्या, ही हर्पिसच्या विषाणूची सही आहे. कुसळ-बिसळ काही नाही. असं दुसरं फारसं काही दिसत नाही, त्यामुळे शंका नाही. फांदी बाहुलीच्या खाली, कडेकडे होती, पण तिची एक काडी मध्याकडे निघाली होती. मधोमध पोचली आणि तिथे व्रण राहिला, तर काचेवर ओरखडा राहतो तशी नजर कायमची धुरकट होऊ शकते. पोचली नाही तर बऱ्यापैकी निभावेल.

"थेंब कुठले घातले होते?" त्यांनी विचारलं. मी रुमाल सोडला. त्यांनी लेबल वाचलं आणि बाटली टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली, आमच्या हाताला लागणार नाही अशी.

"यात स्टेरॉइड आहे. ऑपरेशननंतर ते बरोबरच होतं, त्या डोळ्यासाठी. इथे काय झालं, लाली म्हणजे तुमच्याच शरीराची माणसं होती, विषाणूशी मारामारी करायला आलेली. थेंबांनी त्यांना घरी पाठवलं. गोंधळ थांबला, डोळा पांढरा झाला. विषाणू एकटाच राहिला, निवांत."

मग त्यांनी विचारलं की ओठावर कधी पुरळ येतं का. येतं. दर वर्षी, ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला पाण्याचे फोड. आमच्याकडे त्याला ताप उतला म्हणतात, आणि उतला की बरं मानतात, दूध उतू गेल्यासारखा ताप बाहेर पडला म्हणून. डॉक्टर म्हणाल्या, तो हाच. लहानपणी कधीतरी शिरला असेल, बहुतेकांच्यात शिरतो. चेहऱ्याच्या मज्जातंतूचं मूळ कवटीच्या तळाशी, कानाच्या जरा पुढे असतं, तिथे जाऊन झोपतो. जाग आली की तंतूवरून खाली येतो. आजवर ओठाच्या फाट्याने यायचा, या वेळी डोळ्याच्या फाट्याने आला.

"सांधा बदलला," हे म्हणाले. त्या दिवसातला त्यांचा पहिला विनोद. डॉक्टरांना सांधा म्हणजे रूळ बदलायची जागा हे माहीत नव्हतं, ते ह्यांनी समजावून दिलं.

औषध साधंच निघालं. ॲसायक्लोव्हिरचं मलम, दिवसातून अनेकदा डोळ्यात घालायचं, आणि त्याच जातीच्या गोळ्या. मी विचारलं, हे विषाणूला मारतं का? नाही म्हणाल्या. मग बाहेर काढतं? नाही. मग करतं काय? त्यांनी बाहेर बसलेल्या पेशंटांकडे बघितलं, मग चिठ्ठीच्या मागे पेनाने मणी ओवल्यासारखी एक माळ काढली आणि म्हणाल्या, वाढू देत नाही. विषाणू स्वतःच्या प्रती काढत असतो, हे त्याला प्रत पूर्ण करू देत नाही. बाकीचं पुढच्या भेटीत, तुम्ही प्रश्न लिहून आणा. मला कुणी असं सांगायची गरज नसते.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं, थेंबांचं सोडून. पण ह्यांनी तेही सांगितलं.

"आई, तुझ्या औषधानं डोळ्याला नुसता रंग दिला," ते म्हणाले.

सासूबाईंनी फ्रिज उघडून दाराचा कप्पा पुसायला घेतला, तो स्वच्छच होता. "आमी चांगल्यासाटी घातलं," त्या कप्प्याकडे बघत म्हणाल्या. "माझा बरा झाला तर लेकाचा का न्हाई होणार?" मी चहा ठेवला.

पुढचे दिवस मी दोन गोष्टी केल्या. एक, मोबाईलवर मलमाचे गजर लावले. दुसरी, वाचत बसले. कुठलीही वस्तू घरात आली की ती कशी चालते हे मला कळावं लागतं, नाहीतर बिघडली की दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं. मारत नाही, काढत नाही, तरी बरं करतं, हे काय यंत्र आहे? मलमाच्या खोक्यातला कागद वाचला, त्यात नुसते इशारे. मग फोनवर शोधून वाचलं. अर्ध्या वाक्यांत अडखळायची, तेवढी वाक्यं कागदावर उतरवून ठेवायची.

आणि हे गॅलरीत बसून असायचे, काळा चष्मा लावून. मी बंगल्यांच्या चादरींच्या घड्या घालायची आणि वाचलेलं बोलून बघायची. आधी मी डॉक्टरांच्या माळेवरून सुरुवात केली, मणी आणि दोरा. ह्यांना ते पटेना. दोरा आधी असतो आणि मणी नंतर ओवतात, मग दोरा कोण आणतं? मी म्हटलं, दोरा नाहीच आहे, मणीच एकमेकांना धरतात.

"मग माळ कशाला म्हणतेस? गाडी म्हण. डब्याला डबा."

तिथून आमची गाडी रुळावर आली. विषाणूजवळ स्वतःची अशी एक लांबलचक गाडी असते. डबे चारच जातींचे, पण कुठल्या मागे कुठला हा क्रम ठरलेला, आणि त्या क्रमातच त्याची सगळी माहिती. पेशीत शिरला की तो तिथलं सामान वापरून तशाच गाड्या जोडत सुटतो. डबा आणला, मागे लावला, पुढचा आणला, मागे लावला. आता हे औषध म्हणजे काय, तर त्या चारांपैकी एका जातीच्या डब्यासारखा दिसणारा एक डबा. पुढचं कपलिंग, म्हणजे डब्याला डबा अडकवायची जोडणी, एकदम बरोबर. त्यामुळे तो गाडीला बिनबोभाट लागतो. पण मागच्या बाजूला कपलिंगच नाही.

हे खुर्चीत सरळ बसले. "मागे काहीच नाही? हुक नाही, काही नाही?"

"काही नाही. सपाट."

"मग संपलं," ते म्हणाले. "माझं सगळं आयुष्य शेवटच्या डब्याच्या पाठीकडे बघण्यात गेलं. तिथे कपलिंग नसेल तर बँकर काय, काहीच लागत नाही. ती गाडी तिथेच राहिली."

जोडणारं जे यंत्र असतं तेही त्या डब्याशी अडकून बसतं, असं मी वाचलं होतं, तेही सांगितलं. ह्यांना फार आनंद झाला. गाड्या जोडायच्या यार्डाचा रस्ताच बंद, म्हणाले.

पण लगेच त्यांनी शंका काढली, आणि ती माझ्याही कागदावर होती. आपल्या स्वतःच्या पेशीसुद्धा नवीन होताना अशाच गाड्या जोडतात. मग हा खोटा डबा आपल्या गाड्यांना का लागत नाही? आपलंही यार्ड बंद पडायला हवं. याचं उत्तर मला फोनवर नीट सापडेना. सापडलं ते इतक्या मोठ्या शब्दांत की मी ते तसंच उतरवून डॉक्टरांकडे नेलं.

दुसऱ्या भेटीत निळ्या दिव्याखाली फांदी तुटक झाली होती. मधली काडी पुसट, कळ्या गेलेल्या. मध्याकडे निघालेलं टोक होतं तिथेच थांबलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, चाललंय बरोबर, आता प्रश्न काढा. मी गाडी, डबे आणि कपलिंग सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग तुम्हाला तुमच्याच भाषेत सांगते. हा डबा येतो तेव्हा त्याच्यावर गाडीला लावायच्या परवानगीचे शिक्के नसतात. तीन शिक्के लागतात. पहिला शिक्का मारणारा आपल्या पेशीतला माणूस कडक आहे, तो या डब्याला बघून जवळजवळ नेहमीच नाही म्हणतो. त्यामुळे निरोगी पेशीत डबा तसाच पडून राहतो आणि बहुतेक लघवीवाटे निघून जातो. विषाणू मात्र घाईत असतो. त्याला भराभर गाड्या काढायच्या असतात, म्हणून तो शिक्के मारायला स्वतःचा माणूस बरोबर आणतो. तो माणूस ढिला. डब्यासारखं दिसलं की मारला शिक्का. पुढचे दोन शिक्के आपल्याच पेशीतले लोक मारतात.

"आणि ते बघत नाहीत?" मी विचारलं.

"पहिली सही झालेली असली की पुढचे कधी बघतात?" हे म्हणाले. "तीस वर्षांची नोकरी आहे माझी."

डॉक्टर मोठ्याने हसल्या. म्हणजे, मी मनात पुन्हा एकदा ओळीने लावून बघितलं, औषध शरीरभर फिरतं पण सगळीकडे झोपलेलं असतं. जिथे विषाणू असतो तिथे विषाणूच त्याला जागं करतो. त्याच्याच माणसाच्या हातून. मी इतक्या वर्षांत गोळ्यांच्या इतक्या पट्ट्या कात्रीने कापून औषधांच्या पेटीत भरून ठेवल्या, पण एखादी गोळी इतकी हुशार असू शकते असं कधी डोक्यात आलं नव्हतं. मी विचारलं की विषाणूने तो ढिला माणूस काढूनच टाकला तर? डॉक्टरांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं. म्हणाल्या, होतं तसं कधीतरी, बहुधा ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावलेली असते त्यांच्यात, आणि त्यांच्यासाठी शिक्का न लागणारी दुसरी औषधं आहेत. तुमच्यावर ती वेळ नाही. तुम्ही फक्त मलम चुकवू नका. खोटे डबे सतत यार्डात असले पाहिजेत, नाहीतर तेवढ्या वेळात खरे लागतात.

माझ्या कागदावर शेवटचा प्रश्न राहिला होता, तो ह्यांनीच विचारला. जी गाडी वर कानाजवळ जाऊन उभी आहे, तिचं काय?

"तिला काही होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ती झोपलेली आहे. तिथे डबे जोडलेच जात नाहीत, मग खोटा डबा लावायचा कुठे? ती कायमची. पुन्हा उठेल किंवा नाही उठणार. उठली तर लगेच यायचं."

परत येताना गाडी मी चालवत होते. हे तळेगावपासून काचेबाहेर बघत होते. मला माहीत होतं काय चाललंय. आमच्यात आधीपासून एक वाद अर्धवट पडला होता. माझं म्हणणं, रेल्वेच्या डॉक्टरांना सांगून रीतसर आजारी म्हणून नोंद करा. त्यांचं म्हणणं, सिकमध्ये गेलं की फाईल उघडते, डोळा असा शब्द फाईलमध्ये आला की तो तिथून निघत नाही. त्यापेक्षा रजा वाढवायची, डोळा बरा करायचा आणि महिन्याने तपासणीला निमूट जाऊन अक्षरं वाचायची. फांदी गेलेली असेल तर कुणाला काय कळणार? मी दोनदा भांडले होते आणि दोनदा हरले होते, कारण त्यांच्या बोलण्यात भीती होती आणि माझ्या बोलण्यात नुसता शहाणपणा.

कामशेतच्या अलीकडे म्हणाले, "म्हणजे तो मुक्कामाला आहे."

"हो."

"मला वाटत होतं, पाहुणा आहे. आला, गेला, दार लावलं." मग थोड्या वेळाने, "मुक्कामाला असलेला माणूस किती दिवस लपवणार? उद्या घाटात जाग आली त्याला, तर मागे मी आहे आणि पुढे गाडीत माणसं. मी काय सांगू, कुसळ गेलं?"

मला बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण गिअर बदलायचा होता.

दुसऱ्या दिवशी ते रेल्वेच्या डॉक्टरांकडे गेले आणि आजारी म्हणून नोंद करून आले. फाईल उघडली. त्यांना भीती होती तसंच झालं, म्हणजे आणखी एका डोळ्यांच्या तज्ज्ञांकडे पाठवणी, आणखी कागद, आणि निर्णय काय होईल ते डोळा पूर्ण भरून आल्यावरच. इंजिनावर परत जाणार की नाही, याचं उत्तर कुणी देईना. बरोबरचे फोन करून विचारायचे, भाऊ, टेबल कुठलं मागितलंस, खिडकीजवळचं घे. हे हसायचे आणि फोन ठेवल्यावर गॅलरीत जाऊन बसायचे, लांबून येणाऱ्या गाडीच्या आवाजावरून बँकर सुटला की नाही ते ओळखत.

सासूबाईंनी या काळात मला एकदा बाजूला घेऊन विचारलं की तितं डोक्यात ते नक्की कुटं बसलंय. मी कानाच्या पुढे बोट ठेवून दाखवलं. झोपलंय म्हणून सांगितलं. "मग त्याला कशाला उटवता," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून ह्यांना ताप, ऊन, जागरण काही होऊ नये यावर त्यांनी असा पहारा बसवला की गच्चीवर जायलाही टोपी लागायची. ताप उतला की बरं असतं, हे मात्र त्या पुन्हा म्हणाल्या नाहीत. शेजारच्या घरात नात झाली तेव्हा एका पाहुणीच्या ओठावर फोड बघून त्यांनी तिला बाळाच्या खोलीच्या दारातच थांबवलं. हे त्यांना मी शिकवलं नव्हतं. असल्या फोडांतून हा विषाणू तान्ह्या बाळाला लागू शकतो, हे चहा करता करता मी मोठ्याने वाचलं होतं, ते त्यांनी ऐकून ठेवलं होतं.

फांदी गेली. निळ्या दिव्याखाली ती जिथे होती तिथे आता हिरवं काही उमटत नव्हतं, साध्या दिव्यात मात्र नखाने ओरखडल्याएवढा एक करडा व्रण दिसायचा, बाहुलीच्या खाली. तळेगावच्या डॉक्टर म्हणाल्या, मध्याच्या बाहेर आहे. पण कापसाचा धागा लावला तर पापणी अजून आळसावल्यासारखी उशिरा मिटायची.

तपासणीच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते. वेळ जावा म्हणून पुढच्या आठवड्याच्या चादरी मोजायच्या ठरवल्या होत्या, पण आकडा डोक्यात राहीना. मी मनात डबे जोडत बसले. हे बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडावरून काही कळलं नाही. बाकावर बसले, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"खालच्या ओळीत एका अक्षराला थांबलो," ते म्हणाले. "थांबलो आणि मग वाचलं. फिट दिलंय. पण बाकीच्यांच्या आधी मला पुन्हा बोलावणार, आणि लाल झाला की त्याच दिवशी येऊन सांगायचं असं लिहून घेतलंय."

"ते तर तुम्ही सांगणारच होतात."

"हो. पण आता लिहून दिलंय."

घरी जाण्याआधी मळवलीला थांबणं भाग होतं, कारण तिसऱ्या बंगल्यात संध्याकाळी पाहुणे यायचे होते आणि गिझर गरम होत नसल्याची तक्रार होती. मी पिशवीतून चाव्या काढल्या, दार उघडून दिलं आणि यादी बघत पायरीवरच उभी राहिले. हे आत गेले. मला वाटलं गिझरकडे गेले. तेवढ्यात माझ्यासमोर दार लागलं आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

मी कागदावरून वर बघितलं. मॅजिक आयच्या काचेमागे अंधार झाला होता, म्हणजे तिथे डोळा होता. कुठला ते मला बाहेरून कळायचा मार्ग नव्हता.

"उजवा आहे," आतून आवाज आला. "एक बाई दिसतेय. डोकं हंड्याएवढं, पाय काडीसारखे. हातात कागद आहे."

"कागदावर काय लिहिलंय?"

"ते याच्यातून डाव्यानेही दिसणार नाही."

"गिझर लिहिलाय," मी म्हटलं. "दार उघडा."